गावची आग कोणाच्या परिशिष्टात?

टेंभुर्णी या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. सोलापूर जिल्ह्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी प्रवाशांच्या परिचयाची असते. जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णी मात्र जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. मराठवाड्याच्या उत्तर बाजूला, बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी वसलेल्या या भागात कापूस, सोयाबीन आणि मका यांवर शेतकऱ्याचे वर्ष चालते. गावाचे नाव टेंभुर्णीच्या झाडावरून पडले असावे. हे झाड लोकांना विडीच्या पानांसाठी माहीत असले, तरी त्याचा आणखी एक गुण जुन्या लोकांना ठाऊक होता. त्याचे लाकूड जळताना तडतडते आणि ठिणग्या उडवते. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला आपल्या खचलेल्या पुत्राला जो उपदेश करते, त्यात तिने उपमेसाठी याच झाडाचे कोलीत निवडले आहे.

ज्या गावाच्या नावातच ठिणगी आहे, त्या गावाच्या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. गावात आग लागली तर ती विझविण्याची जबाबदारी कोणाची? शहरातील वाचकास हा प्रश्न पोरकट वाटेल, कारण शहरात अग्निशामक दल असते, त्याचा दूरध्वनी क्रमांक असतो आणि बंबाची घंटाही ओळखीची असते. खेड्यात यांपैकी काहीही नसते. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण कारभारातील घोळाची थट्टा करण्यासाठी वापरतो. परंतु टेंभुर्णीसारख्या गावांना ती थट्टा म्हणून नव्हे, तर अक्षरशः लागू पडते. बंब यायचा तो कुठल्यातरी शहरातून, त्याच्या हाताला काम नसेल तेव्हा, आणि रस्ता जसा असेल तसा.

दिवाळी आणि सुगी

हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर अधिक टोचतो, आणि त्याला कारण आहे. मराठवाड्यात खरिपाची सुगी आणि दिवाळी एकाच वेळी येतात. सोयाबीनची कापणी झालेली असते, शेंगांसह झाडे गोळा करून त्यांची सुडी लावलेली असते आणि तीवर ताडपत्री टाकून शेतकरी मळणीयंत्राची वाट पाहत असतो. कापसाची वेचणी सुरू असते. भाव बरा येईपर्यंत तो घरातच, एखाद्या खोलीत किंवा ओसरीत साठविला जातो. मक्याची कणसे अंगणात पडलेली असतात. गोठ्याशेजारी कडबा आणि सरमड, परसात पऱ्हाट्या आणि तुराट्या, ही तर गावाची नेहमीचीच संपत्ती. थोडक्यात, ज्या चार-पाच दिवसांत गावाच्या आकाशात बाण उडतात, त्याच दिवसांत गावाचे वर्षभराचे उत्पन्न उघड्यावर आणि वाळलेल्या स्थितीत पडलेले असते.

हवेत गेलेला बाण विझूनच खाली येतो असे नाही. बाटलीत उभा केलेला बाण वाऱ्याच्या झोताने तिरपा होतो आणि घरांच्या रांगेवरून निघून जातो. जळत्या कागदाचा एक तुकडा सुडीच्या वाऱ्याकडील बाजूला पडला, की घागरी आणि बादल्या घेऊन माणसे धावेपर्यंत तिची राख होते. कापसाची आग त्याहून दगाबाज. वरून विझल्यासारखी दिसते, पण दाबून भरलेल्या कापसाच्या पोटात ती तासन् तास धुमसत राहते. ढीग ओढून, पसरून, आतपर्यंत भिजविल्याखेरीज ती मरत नाही. ज्याला हे माहीत नाही तो वरून चार घागरी ओततो, निर्धास्त झोपतो आणि पहाटे जागा होतो तो धुराने.

नुकसानीचे पुढे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उभ्या पिकाला वीज पडून किंवा नैसर्गिक कारणाने लागलेल्या आगीपासून संरक्षण आहे. कापून शेतात पसरलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत संरक्षण मिळते, परंतु ते गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस अशा आपत्तींपासून. मळणीसाठी एका जागी रचून ठेवलेला माल आणि टाळता येण्याजोगी हानी या दोन्ही गोष्टी त्या संरक्षणाबाहेर राहतात. म्हणजे फटाक्याने पेटलेल्या सुडीला विमा नाही. पंचनामा होतो, कागद तयार होतो, आणि शेतकऱ्याने पेरणीसाठी काढलेले कर्ज तसेच उभे राहते. एका ठिणगीची किंमत म्हणजे एका कुटुंबाचे वर्ष, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

दोन परिशिष्टांतील एक ओळ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९२ साली संसदेने राज्यघटनेत त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी अशा दोन दुरुस्त्या केल्या. पहिली पंचायतींसाठी, दुसरी नगरपालिकांसाठी. दोन्ही १९९३ साली अमलात आल्या. पंचायतींकडे कोणते विषय सोपवावेत याची यादी अकराव्या परिशिष्टात आहे आणि तीत एकोणतीस विषय आहेत. नगरपालिकांची यादी बाराव्या परिशिष्टात असून तीत अठरा विषय आहेत. या अठरांपैकी सातवा विषय 'अग्निशमन सेवा' हा आहे. अकराव्या परिशिष्टाचे एकोणतीस विषय कितीही वेळा वाचले तरी त्यांत अग्निशमन सापडत नाही. शेती आहे, जमीनसुधारणा आहे, मत्स्यव्यवसाय आहे, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्राही आहेत, आग नाही.

घटनेने गावाला आग विझविण्यास मनाई केली आहे, असा याचा अर्थ नव्हे. राज्याचा कायदा तर उलटच सांगतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत, ग्रामसंरक्षणाच्या सदराखाली, आग विझविण्यास साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे ग्रामपंचायतीचे काम म्हणून नोंदलेले आहे. धोकादायक धंदे व प्रथा यांचे नियमन करणे हेही त्याच सदरात येते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांवर, आणि त्यांत पंचायती आल्या, आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची व साधने सज्ज ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा कर्तव्य आहे आणि ते लेखी आहे. नाही ती यंत्रणा, आणि यंत्रणा नाही म्हणून तिच्यासाठी पैसाही नाही.

अनुदानाचे कोडे

येथे ग्रामपंचायतीच्या दप्तराशी ज्यांचा संबंध येतो त्या वाचकांना एक गोष्ट तत्काळ ध्यानात येईल. अलीकडच्या काळात गावाच्या हाती जो मोठा पैसा आला, तो केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचविले. त्यातील साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेली चाळीस टक्के अबंधित. महाराष्ट्रात या अनुदानाची वाटणी ग्रामपंचायतीस ऐंशी टक्के, पंचायत समितीस दहा आणि जिल्हा परिषदेस दहा अशी ठरली.

अबंधित हा शब्द ऐकून आपल्याला वाटते, की हा पैसा गावाने आपल्या मर्जीने खर्च करावा. तथापि त्यालाही एक कुंपण होते. पगार व आस्थापना वगळून, अकराव्या परिशिष्टातील एकोणतीस विषयांच्या कक्षेत, स्थानिक गरजेनुसार तो खर्च करावा असे मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. म्हणजे घटनेच्या परिशिष्टात जी ओळ नव्हती तिची सावली थेट ग्रामपंचायतीच्या रोकडवहीवर पडली. समजा एखाद्या ग्रामसेवकाने पाण्याच्या टँकरला बसविण्यासाठी पंप आणि दोनशे फूट नळी घ्यायचे ठरविले. खर्च फार नाही. परंतु उद्या लेखापरीक्षक येईल आणि हा खर्च कोणत्या विषयाखाली टाकला असे विचारील, या भीतीने तो हात आखडता घेतो. गटारावर खर्च केला तर कोणी विचारीत नाही, पेव्हर ब्लॉकवर केला तर फोटोही छापून येतो. नळीवर खर्च केला तर आक्षेपाचा परिच्छेद. भित्रेपणाचा दोष त्या बिचाऱ्या सेवकाला देण्यात अर्थ नाही. त्याला निवृत्तीपर्यंत ते परिच्छेद निकाली काढत बसायचे असतात.

केंद्राने अग्निशमनासाठी काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. त्याच पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना २०२३ साली सुरू झाली. ही योजना राज्यांसाठी आहे, त्यात राज्यांनीही आपला वाटा घालायचा आहे, आणि ती राज्यांच्या अग्निशमन सेवेमार्फत चालते. ज्या गावात ती सेवाच पोचलेली नाही तेथे तिचे आधुनिकीकरण कसे पोचणार? स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने जे मानक सुचविले आहे ते ग्रामीण भागात दर पन्नास चौरस किलोमीटरला एक अग्निशमन केंद्र असे आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. या हिशेबाने जिल्ह्यात दीडशेच्या आसपास केंद्रे हवीत. हा आकडा उच्चारताच त्यातील अशक्यता लक्षात येते. तेवढे बंब, तेवढे चालक आणि तेवढे जवान नजीकच्या काळात कोणी देणार नाही. म्हणूनच गावाने बंबाची वाट पाहणे सोडून आपल्या हाती काय आहे ते पाहिले पाहिजे.

नियम आहेत, पाहणारा कोण?

फटाक्यांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे नियमांची टंचाई नाही. १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आहे. त्याखालचे २००८ चे नियम आहेत. सणापुरते दुकान लावायचे असेल तर ते कसे असावे हे त्या नियमांत इंचाइंचाने सांगितले आहे. छप्पर व भिंती पेट न घेणाऱ्या साहित्याच्या असाव्यात. दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर असावे. वस्तीच्या वा अन्य संरक्षित इमारतीपासून दुकाने पन्नास मीटर दूर असावीत. ती समोरासमोर नसावीत. आत तेलाचा अथवा वायूचा दिवा नसावा आणि विजेचे दिवे लोंबत्या तारांवर नसावेत. दुकानापासून पन्नास मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवू नये. एका समूहात पन्नासपेक्षा अधिक दुकाने नसावीत.

आवाजाचे आणि वेळेचे नियमही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत फटाके वाजविण्यास मनाई केली. २०१८ साली त्याच न्यायालयाने दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, माळांवर बंदी घातली आणि कमी प्रदूषण करणारे फटाकेच विकावेत असे सांगितले. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका बनविणे व विकणे १९९९ पासून निषिद्ध आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र आहे. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २८८ व्या कलमाखाली शिक्षाही आहे.

एवढे सगळे असूनही नियम गावाच्या वेशीवर अडतात, कारण ते तपासणारा माणूस गावात नसतो. परवाना द्यायचा जिल्हा दंडाधिकाऱ्याने, कारवाई करायची पोलिसांनी, आवाज मोजायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्राने. आपल्याकडे बहुतेक खेड्यांत फटाका मिळतो तो किराणा दुकानाच्या फळीवर किंवा आठवडी बाजारात टाकलेल्या बाजेवर, रॉकेलच्या डब्याशेजारी नसला तरी तेलाच्या डब्याशेजारी नक्कीच. त्याचे तीन मीटर आणि पन्नास मीटर कोणी मोजीत नाही.

परवान्याचे दुकान म्हणजे सुरक्षित दुकान अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगाबाद शहरातील जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेल्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने व बरीच वाहने भस्मसात झाली. ते मैदान रानावनात नव्हते. भर शहरात, कचेऱ्यांच्या शेजारी, साऱ्या यंत्रणेच्या डोळ्यांसमोर होते. समूह किती आणि त्यांतील अंतर किती, हे मोजण्याची वेळ आगीनंतर आली तर त्या मोजणीचा उपयोग चौकशीपुरता. जेथे बंब हाकेच्या अंतरावर होते तेथे हे घडले. जेथे बंब दुसऱ्या गावाहून यायचा तेथे काय घडेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

सणाची बाजू

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाच्या घरी चार दिवस उजेड आणि आवाज झाला, तर शहाण्यांनी त्यावर नियमांचे पाणी का ओतावे? दारूकाम ही काही आजची चैन नव्हे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नसोहळ्यातील दारूकामाचे उल्लेख आहेत, हे प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना दाखवून दिले आहे. मराठवाड्याच्या मातीतल्या संतकवीला जे परके वाटले नाही ते आपल्याला का वाटावे? शिवाय दिवाळीत टोपलीभर फुलबाज्या आणि भुईनळे विकून पाच-दहा दिवस कमावणारा विक्रेता हा काही कारखानदार नव्हे.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. फटाके बंद करावेत असे या लेखकाचे म्हणणे नाही. गावाने तसा ठराव केला तरी तो टिकणार नाही आणि न टिकणारा ठराव हा पुढच्या ठरावांचीही पत घालवतो. शिवाय गावात फटाका फक्त दिवाळीत वाजतो हा समजच अपुरा आहे. लग्नाच्या वरातीत तो वाजतो, आणि लग्नसराई असते ती चैत्र-वैशाखात, जेव्हा कडब्याच्या गंज्या खडखडीत वाळलेल्या असतात आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो. निवडणुकीचा निकाल लागला की तो वाजतो, आणि तेव्हा वाजविणारे हात पुष्कळदा नियम करणाऱ्यांचेच असतात. म्हणून जो नियम करायचा तो सणाविरुद्ध नसावा. तो जागेविषयी, अंतराविषयी आणि वेळेविषयी असावा, आणि वरात, विजय व दिवाळी या तिघांनाही सारखा लागू असावा. एका सणाला वेगळा काढून केलेला नियम लोकांना टोचतो. सर्वांना लागू असणारा नियम लोक कुरकुरत का होईना पाळतात.

आणखी एक गोष्ट. डेसिबल मोजण्याचे यंत्र ग्रामपंचायतीजवळ नाही आणि फटाक्यात बेरियम आहे की नाही हे सरपंचाला कळत नाही. परंतु रात्रीचे दहा वाजले हे सर्वांना कळते. पन्नास मीटर म्हणजे साधारण साठ-सत्तर पावले, हे शाळकरी मुलालाही मोजता येते. गावाने आपल्या ठरावात अशाच गोष्टी घ्याव्यात, ज्या साध्या डोळ्यांनी तपासता येतात. जो नियम तपासता येत नाही तो केवळ वहीची शोभा.

२ ऑक्टोबरची संधी

ग्रामपंचायतीला या बाबतीत काहीच अधिकार नाही, ही समजूत काढून टाकली पाहिजे. परवाना जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो हे खरे. पण तात्पुरत्या दुकानासाठी अर्ज करताना ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला जोडावा लागतो. हा दाखला म्हणजे गावाच्या हातातला लगाम. आज तो पुष्कळदा कोऱ्या मनाने, शिक्क्यापुरता दिला जातो. तोच दाखला देताना जागा कोणती, ती सुड्या व गोठ्यांपासून किती दूर, शेजारी पाण्याचा टँकर आणि वाळूच्या बादल्या आहेत की नाहीत, या अटी ठरावाने घालता येतील. गावाबाहेरचे एखादे मोकळे मैदान विक्रीसाठी आणि दुसरे आतषबाजीसाठी नेमून देता येईल. विक्रेत्याचीही त्यात सोय आहे. एका जागी ग्राहक येतो आणि त्याचा स्वतःचा माल व संसार सुरक्षित राहतो.

ठराव करायचा केव्हा? कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गांधी जयंतीची ग्रामसभा आणि दिवाळी यांत वर्षागणिक दोन ते सहा आठवड्यांचे अंतर पडते. याहून योग्य मुहूर्त कोणता? गेल्या काही वर्षांत, २०१८ पासून, गावाच्या पुढील वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीमही २ ऑक्टोबरलाच सुरू होण्याचा प्रघात पडला. म्हणजे नियम आणि निधी या दोहोंचा विचार एकाच सभेत करता येण्याजोगा आहे. एरवी आपण या सभेत हजेरीच्या सह्या करून घरी परततो आणि मग वर्षभर पारावर बसून पंचायतीला नावे ठेवतो.

निधीचे म्हणाल तर प्रारंभासाठी फार मोठ्या रकमेची गरज नाही. पाणीपुरवठ्याच्या कामात जलकुंभाच्या पायथ्याशी मोठ्या तोंडाचा एक व्हॉल्व्ह बसवून घेतला, तर तो पाण्याच्या योजनेचाच भाग होतो आणि आगीच्या वेळी टँकर तेथे झटपट भरता येतो. पंचायतीचा किंवा खाजगी टँकर, त्यावर बसणारा पंप आणि नळी यांसाठी घरपट्टीच्या स्वतःच्या उत्पन्नातून छोटी तरतूद करता येते; त्या पैशाला एकोणतीस विषयांचे कुंपण नाही. फवारणीचे ट्रॅक्टरवरील पंप आज अनेक शेतकऱ्यांपाशी आहेत. ते कोणाकडे आहेत, दूरध्वनी क्रमांक काय, डिझेल कोण देणार, हे एका कागदावर लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावले, की अर्धे अग्निशामक दल उभे राहिले. आठ-दहा गावांत मिळून एक लहान बंब ठेवायचा असेल, तर पंचायत समितीने आपल्या वाट्यातून पुढाकार घ्यावा. जाफ्राबादसारख्या तालुक्यात तो एखाद्या मोठ्या, चहूकडून रस्ते येणाऱ्या गावी ठेवता येईल, आणि टेंभुर्णीने त्यासाठी मागणी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

मात्र वरच्या पातळीवर एक काम झाले पाहिजे आणि ते गावाच्या आवाक्यातले नाही. खेड्यातील अग्निसुरक्षा हा खर्चाचा मान्य विषय आहे, एवढे स्पष्ट शब्दांत सांगणारा आदेश शासनाने काढावा. ग्रामसूचीत कर्तव्य लिहून ठेवायचे आणि ते पार पाडण्यासाठी केलेल्या खर्चावर आक्षेपाचे सावट राहू द्यायचे, ही विसंगती आहे. ती दूर करण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. मंत्रालयातील एका कक्षाने मनावर घेतले तरी पुरे. पुढील वित्त आयोगांच्या अनुदानाच्या सूचना लिहिताना पाणी आणि स्वच्छता यांच्या शेजारी आगीची एक ओळ घातली गेली, तर खेड्यांचे मोठे काम होईल.

आपला वाटा

शेवटी हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी आहेत हे लक्षात घेऊन तिघांनाही एकेक गोष्ट सुचवावीशी वाटते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझविताना अग्निशामक दलाच्या सहासष्ट जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शहरांत संचलने होतात. गावातील शाळेने त्या आठवड्यात एक तास दिला तर पुरे. कापसाची आग कशी विझवावी, अंगावरील कपडे पेटले तर पळू नये, भाजलेल्या जागी दंतमंजन किंवा शाई न लावता थंड पाणी सोडावे, तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये, हे मुलांना शिकविता येते. आणि मुलांना शिकविलेले घरात पोचते. शिक्षकांना यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कचेरीत बसणाऱ्यांनी ना-हरकत दाखल्याचा कागद पुढे आला म्हणजे शिक्का उचलण्यापूर्वी एकदा ती जागा डोळ्यांनी पाहून यावे. गावात आजवर लागलेल्या आगींची एक नोंदवही ठेवावी. तारीख, जागा, कारण, नुकसान आणि पाणी किती वेळात आले एवढेच रकाने. दोन-तीन वर्षांची अशी वही हाती असली तर निधी मागणाऱ्या अर्जाला जे वजन येते ते दहा निवेदनांनी येत नाही.

विद्यार्थ्यांचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत महत्त्वाचे. दिवाळीच्या रात्री आठ ते दहा या वेळेत आठ-दहा मुलांनी पाळीपाळीने सुड्यांच्या बाजूला उभे राहावे. जवळ पाण्याची पिंपे, ओली पोती आणि टँकरवाल्याचा क्रमांक असावा. पोलीस पाटलांना तशी आधी कल्पना द्यावी. ही मुले बहुधा रात्रभर कंटाळतील, कारण बहुतेक वेळा काहीच घडणार नाही. पण राखणीचे काम कंटाळवाणे झाले तरच ते यशस्वी झाले असे समजावे.

टेंभुर्णीच्या एखाद्या शेतकऱ्याने मळणीयंत्राची वाट पाहत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली सुडी ही त्याच्या मुलाची फी असते, मुलीचे लग्न असते, सावकाराचे व्याज असते. ती कोणत्या परिशिष्टात बसते याची चर्चा दिल्लीत आणि मुंबईत होईल तेव्हा होवो. येत्या २ ऑक्टोबरला मात्र ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'आग' हा एक शब्द गावाला स्वतःच्या हाताने लिहिता येईल. तो विषयपत्रिकेवर आला नाही, तर त्याचा दोष सरकारकडे ढकलता येणार नाही.